नॉर्मलची ट्यूब

त्या सकाळी मावशीचा पहिला राग निघाला डायवर, म्हणजे पेशींना लावायच्या चमकत्या रंगावर, दुसरा डाय पुरवणाऱ्या माणसावर आणि तिसरा मशीनवर. माणसांवर निघायला अजून थोडा अवकाश होता.

"गेली! पुन्हा गेली ही डाय," स्क्रीनकडे बघत ती एकटीच करवादली. "एवढीशी बाटली आणि नखरे बघा हिचे. उजेड नको, ऊब नको, हलवलेलं नको. नवरीचेसुद्धा एवढे लाड कोणी करत नाही."

मावशी म्हणजे त्या मोठ्या हॉस्पिटलच्या तळमजल्यावरच्या रक्तपेशींच्या लॅबमधली सगळ्यात जुनी टेक्निशियन. बाकी सगळ्यांची ती मॅडम. मावशी म्हणणारी एकच, तिच्या धाकट्या बहिणीची मुलगी, आणि तीही त्याच लॅबमध्ये कामाला. सुरुवातीला भाचीनं कॉरिडॉरमधून "मावशी!" अशी हाक मारली की वॉर्डातल्या चार आया एकदम वळून बघायच्या. "इथे तरी मॅडम म्हण गं बाई," असं मावशीनं सांगून पाहिलं. "घरी तुझी बोलणी खायची आणि इथे मॅडम म्हणायचं? नाही जमणार," असं पोरगी म्हणाली आणि विषय तिथेच मिटला.

बहीण गेली तेव्हा ही पोर शाळेत होती. बापानं दुसरा संसार थाटला. मावशीला ना नवरा ना मूल, त्यामुळे कोणाला विचारायचं नव्हतं. तिनं पोरीचं दप्तर उचललं आणि आपल्या घरी घेऊन आली. वाढवलं, शिकवलं, स्वतःच्या हाताखाली तयार केलं, लग्न करून दिलं. जावईही भला निघाला. मागच्या वर्षी पोरीला दिवस गेले आणि पोट पडलं, तेव्हा दोघी एकमेकींना न दाखवता रडल्या. आता पुन्हा दिवस गेले होते. तिसरा महिना सरत आला होता आणि उद्या सकाळी सोनोग्राफी होती. उद्या ठोके ऐकायला मिळणार म्हणून मावशी आठवडाभर जीव मुठीत धरून वावरत होती.

या लॅबमध्ये एक तपासणी अशी होती की ती मावशीशिवाय दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायला डॉक्टर तयार नसत. आजारही तसाच आडवळणाचा. शिकायला आलेल्या पोरापोरींना मावशी तो दारामागचे ॲप्रन दाखवून समजावायची. दारामागे टाइलवर चिकटवायचे हूक लावले होते आणि प्रत्येक हूकवर एकेक ॲप्रन.

"हे बघा," ती म्हणायची. "ही टाइल म्हणजे पेशीची कातडी, चरबीची. हा हूक. याचा चिकटणारा भाग चरबीचा, तो टाइलमध्ये रुततो. वरची दांडी साखरेची. आणि दांडीला लटकलंय ते ॲप्रन, म्हणजे प्रोटीन. किती प्रकारची प्रोटीनं अशी बाहेरून लटकवलेली असतात. आता सांगा, ॲप्रन न घालता वरच्या वॉर्डात गेलात तर काय होईल?"

"वॉचमन अडवेल."

"अडवेल नाही, गचांडी धरेल. रक्तात पण तसे वॉचमन फिरत असतात. दिसेल त्याला भोक पाडायचं हेच त्यांचं काम. ज्या पेशीवर ॲप्रन आहे तिला ते सोडतात. काही माणसांच्या हाडातल्या मगजात एखाद्या पेशीत बिघाड होतो, जन्मजात नाही हं, मध्येच कधीतरी, आणि तिच्या वंशातल्या पेशींना हूकच बनवता येत नाही. ॲप्रन शिवून तयार, पण लटकवायचं कुठे? मग आपलेच वॉचमन आपल्याच पेशी फोडत सुटतात."

पुढचं ती हळू आवाजात सांगायची. पेशी फुटल्या की सकाळची लघवी काळपट होते, माणूस पांढरा पडतो, थकतो. आणि नको त्या जागी रक्ताच्या गुठळ्या होतात. लिव्हरमध्ये, पोटात, मेंदूत. माणूस मरतो तो बहुधा गुठळीनं.

तर ती लाडावलेली डाय नेमकी त्या हूकवर जाऊन बसायची आणि चमकायची. मशीन एकेक पेशी उजेडासमोरून नेत मोजायचं. निरोगी माणसाचं रक्त असेल तर स्क्रीनवर ठिपक्यांचा एकच पुंजका उजवीकडे, सगळे चमकणारे. हूक नसलेल्या पेशी असतील तर दुसरा पुंजका डावीकडे, अंधारात.

आणि ही तपासणी असेल तेव्हा, महिन्यातून एकदोनदा, पेशंटच्या आधी एका निरोगी माणसाचं रक्त लावायचं, हा नियम. मशीन ठीक आहे ना, डाय ठीक आहे ना, हे त्यावरून कळतं. निरोगी माणूस दर वेळी कुठून आणणार? म्हणून लॅबमधलेच पाळीपाळीनं दंड पुढे करायचे. मावशी, भाची आणि तिसरा एक उंच टेक्निशियन, ज्याला सगळे लांबू म्हणत आणि जो इतरांचं रक्त दिवसभर हाताळून स्वतःचं बघितलं की खुर्चीत कलंडायचा. त्या ट्यूबवर नाव नसायचं. नुसतं "नॉर्मल" लिहायचं.

आता गंमत अशी झाली होती की गेल्या काही महिन्यांत भाचीचा नंबर असला की हमखास काहीतरी बिनसायचं. पहिल्यांदा डावीकडे थोडा धुरळा दिसला. मावशी म्हणाली, "डाय नीट मिसळली नाहीस." भाची म्हणाली, "मिसळली गं." पण वाद कोण घालणार, पेशंट ताटकळलेले. मावशीनं ती बाटली फेकली, नवी फोडली, लांबूला खुर्चीत बसवून त्याचं रक्त काढलं, आणि सगळं लख्ख आलं. दुसऱ्या वेळीही तेच. नवी बाटली, मावशीचं रक्त, लख्ख. मग मावशीनंच पोरीचं नाव पनवती ठेवलं. "आज पनवतीचा नंबर, डाय सांभाळा रे!" लांबू तर मशीनला हात जोडायचा. पोरगी खळखळून हसायची, दंड पुढे करून म्हणायची, "घ्या, पनवतीचं रक्त घ्या."

आजही तिचाच नंबर होता. मावशी म्हणाली होती, "राहू दे, तू दोन जिवांची." पण लांबू रजेवर, आणि पोरगी हट्टी. "दोन चमचे रक्तानं काय होतंय? तुझ्या शिरा सापडत नाहीत, मला नको तो व्याप." रक्त देऊन ती कँटीनमध्ये काहीतरी खायला गेली, कारण सकाळपासून तिला मळमळत होतं. मावशीनं ट्यूब लावली, आणि डावीकडे धुरळा नव्हे, चांगला घसघशीत पुंजका उभा राहिला.

"पनवती ती पनवती," मावशी पुटपुटली आणि नवी बाटली घ्यायला फ्रीज उघडला. फ्रीजमध्ये नवी बाटली नव्हती. पुरवठादाराचं "उद्या नक्की, मॅडम" गेले चार दिवस चालू होतं. त्याला फोनवर दोन खरमरीत वाक्यं ऐकवून झाली. आता करायचं काय? पेशंटच्या ट्यूबा ओळीनं लागलेल्या. "बघू तरी, मेलीय की नुसती रुसलीय," असं म्हणत मावशीनं रबराचा पट्टा दातात धरला, स्वतःच्या दंडाला आवळला, तीन ठिकाणी टोचून कसंबसं स्वतःचं रक्त काढलं आणि त्याच जुन्या बाटलीतली डाय घालून लावलं.

एकच पुंजका. उजवीकडे. लख्ख.

मावशीनं चष्मा पुसला. डाय जिवंत होती. अगदी ठणठणीत होती. म्हणजे आज पहिल्यांदाच बाटली तीच राहिली होती आणि फक्त माणूस बदललं होतं. आधी दोन्ही वेळा तिनं बाटली आणि माणूस दोन्ही एकदम बदललं होतं आणि सगळं श्रेय बाटलीला दिलं होतं. शिकाऊ पोरांना ती घसा कोरडा करून सांगायची, एका वेळी एकच गोष्ट बदला रे. आणि मेलेली डाय असती तर सगळाच्या सगळा पुंजका डावीकडे सरकला असता, दोन झाले नसते, हेही तीच सांगायची. इतकं सरळ होतं.

तरी मन ऐकेना. तिनं भाचीची ट्यूब पुन्हा घेतली आणि पेशंटचं करतात तशी पूर्ण तपासणी लावली, तांबड्या पेशी वेगळ्या, पांढऱ्या वेगळ्या. मशीननं नाव विचारलं. नाव टाकायला बोटं धजेनात, म्हणून तिनं ती जागा रिकामीच सोडली. ठिपके पडायला लागले. पांढऱ्या पेशींतल्या अर्ध्याहून जास्त अंधारात होत्या.

मग एकेक गोष्ट आठवायला लागली, आणि प्रत्येक वेळी मावशी स्वतःच उत्तर देऊन मोकळी झालेली. पोरगी म्हणाली होती, "मावशी, सकाळी लघवी कोऱ्या चहासारखी होते." मावशी म्हणाली होती, "पाणी पीत जा, शंभरदा सांगून झालं." पोरगी जिना चढताना मध्ये थांबायची, मावशी म्हणायची, पोटुशी बाई थांबणारच. हिमोग्लोबिन कमी आलं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. मागच्या वर्षी पोट पडलं. होतं असं पहिल्या वेळी, म्हणाले सगळे, आणि मावशीही. परक्या माणसाची हीच लक्षणं तिनं कागदावर वाचली असती तर दुसऱ्या मिनिटाला ट्यूब मागवली असती. आपल्या पोरीच्या बाबतीत तिची अक्कल कुठे गवत खायला गेली होती कोण जाणे.

आता राग माणसांवर निघायची वेळ आली, आणि समोर माणूस एकच होतं. मावशीनं कपाळावर हाताची मूठ मारून घेतली. "कसली मॅडम तू. कसली मॅडम," ती म्हणाली.

आणि मग, खोटं कशाला बोला, एक विचार तिच्या मनात आलाच. या ट्यूबवर नाव नाही. ही तपासायला दिलेलीच नाही. कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकली की संपलं. निदान उद्यापर्यंत. उद्या पोरीला ठोके ऐकू देत, एक दिवस सुखाचा जाऊ दे, परवा सांगू. एका दिवसानं काय होतंय? तिनं ट्यूब उचललीसुद्धा. पण एका दिवसानं काय होतं हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं! एक शाळेतली शिक्षिका होती. शुक्रवारी तिची तपासणी झाली, आणि सोमवारी सही होऊन कागद जाईल म्हणून कोणीतरी तो टेबलावर ठेवला. रविवारी गुठळी झाली. तेव्हापासून मावशीनं लॅबमध्ये दम भरला होता, या आजारात कागदाची वाट बघायची नाही, आधी डॉक्टरांना फोन. ट्यूब हातात धरून ती तशीच उभी राहिली.

दार उघडलं आणि भाची आत आली. हातात बिस्किटांचा पुडा.

"कँटीनवाला म्हणतो, ताई तुम्ही फार खंगलात. मी म्हटलं, तुझ्या चहामुळे." ती हसत मावशीच्या मागून स्क्रीनवर वाकली, आणि वाकल्याबरोबर तिचं हसू गेलं आणि कामाचा चेहरा आला. तो चेहरा मावशीनंच घडवलेला. "अरे देवा. कोण गं हा? इतके हूक गायब?"

मावशीनं हातातली ट्यूब आणखी घट्ट धरली.

"पांढऱ्या बघू. बाप रे, अर्ध्याच्या वर. मावशी, फोन केलास? वर डॉक्टर आत्ता बसलेत. रक्त गोठू न देणारं इंजेक्शन आजच्या आज सुरू करायला हवं, तूच म्हणतेस ना." तिनं एक बिस्किट तोंडात टाकलं. "नाव का नाही टाकलंस? बाई आहे की पुरुष?"

"बाई."

"वय?"

"तुझ्याएवढी."

"बिचारी. लग्न झालंय? दिवसबिवस गेलेले नाहीत ना? नाहीतर मग फारच…"

बोलता बोलता ती थांबली, कारण मावशीच्या कोपराच्या खळगीत चिकटपट्टीखाली कापूस होता आणि तिचं लक्ष तिकडे गेलं होतं.

"हा कापूस कसला? रक्त दिलंस तू?"

"दिलं."

"का? माझं दिलं होतं ना सकाळी."

"तुझं… नीट आलं नाही."

"मग तुझं?"

"लख्ख आलं."

"नवी डाय आली?"

मावशीनं मान हलवली. नाही.

"म्हणजे त्याच बाटलीतून," भाची सावकाश म्हणाली. पुढे समजावून सांगायची गरजच नव्हती. मावशीनं हाताखाली तयार केलेली पोर होती ती. तिनं स्टँडकडे पाहिलं. तिथे एक ट्यूब होती, "नॉर्मल" लिहिलेली. दुसरी "नॉर्मल" मावशीच्या हातात होती. पोरगी स्टुलावर बसली. बिस्किटांचा पुडा तिनं फार जपून टेबलाच्या कडेला ठेवला, जणू तो फुटेल.

"पनवती," ती म्हणाली. "खरंच की."

"गप्प बस! गप्प बस तू," मावशी ओरडली, आणि ओरडता ओरडता तिला रडू कोसळलं. "मी मूर्ख. मी आंधळी. दोनदा तुझं रक्त मला सांगत होतं आणि मी दोनदा बाटली फेकली. वर तुला चिडवलं. माझ्या तोंडाला काही हाड आहे का? तू मला सांगितलंस लघवीचं, आणि मी म्हटलं पाणी पी. तुझ्या आईला मी काय तोंड दाखवू?"

"आई कुठे बघायला येतेय," भाची म्हणाली. तिचा एक हात ओटीपोटावर गेला आणि तिथेच राहिला. मशीनचा पंखा तेवढा घुमत होता.

"मागचं बाळ यामुळेच गेलं असेल?" तिनं विचारलं.

"माहीत नाही."

"असेल, ना?"

"असेल," मावशी म्हणाली. पोरीशी खोटं बोलायचं नाही एवढं तिनं तेवढ्यात ठरवून टाकलं होतं.

"आणि हे?"

"सांभाळलं तर होतात बाळंतपणं. झालेली आहेत. सोपं नसतं. औषधं लागतात, इंजेक्शनं लागतात, डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं."

"मला तू अर्धंच सांगतेस. बाईच्याही जिवावर बेततं, ते?"

"बेततं," मावशी म्हणाली, आणि तिला वाटलं की आपली जीभ आपणच उपटून टाकावी.

भाचीनं डोळे पुसले, नाक ओढलं आणि भिंतीवरच्या फोनकडे बोट केलं. "लाव."

"आधी जावयांना बोलावते, मग…"

"मावशी. आधी फोन. तुझाच नियम आहे."

मावशीनं फोन लावला. डॉक्टरांना सांगताना तिनं नेहमीसारखं, सवयीनं, "एक पॉझिटिव्ह आहे सर," असं म्हटलं आणि डॉक्टरांनी विचारलं, पेशंट कुठे आहे? "इथेच आहे," मावशी म्हणाली. "माझ्याजवळ आहे." मग तिनं सगळं सांगितलं. मग डॉक्टर म्हणाले, नावानिशी एक ताजं सँपल घ्या आणि तिला चालवू नका, चाकाच्या खुर्चीवरून वर आणा, आत्ता. उद्याची सोनोग्राफी आम्ही आजच करून घेतो.

भाचीनं बाही वर केली आणि दंड टेबलावर ठेवला. त्या दंडातून मावशीनं कितीतरी वेळा रक्त काढलं होतं. ती शीर तिला डोळे मिटूनही सापडली असती. आज ती इतक्या घाईनं सुई टेकवायला गेली की पोरीनंच दुसऱ्या हातानं तिचं मनगट धरलं. "हळू," ती म्हणाली. "पळून नाही जात मी." सुई गेली. जांभळ्या टोपणाची ट्यूब भरायला लागली. दिसायला ते रक्त कोणाच्याही रक्तासारखंच होतं.

मावशीनं सुई काढली, कापूस दाबला, ट्यूब हलक्या हातानं खालीवर केली आणि पेन उचललं. आणि इतक्या वर्षांची सवय, ट्यूब या पोरीची आहे म्हटल्यावर हात आपोआप चालला. "नॉर्" एवढं लिहून झालं तेव्हा तिच्या लक्षात आलं. पेन तिथेच अडलं. पुढे काही केल्या तिला लिहवेना, आणि लिहिलेलं खोडवेनाही.

भाचीनं तिच्या हातातून ट्यूब घेतली. ते लेबल नखानं सोलून काढलं, नवं चिकटवलं, आणि एकेक अक्षर सुटं करत, मावशीनं शिकवलं होतं तसं, त्यावर आपलं नाव लिहिलं.